उतारावरचे उस्ताद

"मॅडम, तुमी कागदं बघा. रस्ता आमी बघताव."

बारा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. म्हणताना ते डावा हात असा झटकायचे, की माझ्या टेबलावरची माशी उडवतायत असं वाटावं. मग चावी बोटात फिरवत निघून जायचे आणि मी जे सांगायला तोंड उघडलेलं असायचं ते तसंच उघडं राहायचं.

तामलवाडीच्या एका डाळ मिलमध्ये मी गाड्यांचं काम बघते. कुठली गाडी कुठं निघाली, कुठली परत आली, कुणाचे कागद संपले, असली सगळी कटकट माझ्याकडं. राहायला तुळजापुरात, म्हणून रोज स्कूटीवरून घाट उतरून यायचं आणि संध्याकाळी चढून जायचं. मिलच्या गाड्यासुद्धा धाराशिवकडून तूर, हरभरा भरून हाच घाट उतरतात. ते वाक्य म्हणणारे आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, अणदूरचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मीही तेच म्हणते.

माणूस देवभोळा. गाडीला हात लावण्याआधी स्टेअरिंगला, दाराला आणि समोरच्या सगळ्या काट्यांना खंडोबाचा भंडारा लावायचे. स्पीडच्या काट्याची काच इतकी पिवळी झालेली की आत काटा आहे का नाही हेच दिसायचं नाही. मी म्हटलं, "उस्ताद, वेग कसा कळतो तुम्हाला?"

"कानाला कळतंय."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. कामात वाघ, आणि काम चुकीचं करण्यातही वाघ.

त्यांच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकला की त्याचे दोन अर्थ निघत. एक, मी उजवीकडं वळतोय. दुसरा, मागच्या गाडीनं खुशाल उजवीकडून पुढं जावं, रस्ता मोकळा आहे. मी एकदा चिडून विचारलं, "मागच्यानं ओळखायचं कसं? तुम्ही वळताय की त्याला बोलावताय?"

"ज्येला गाडी येतीया त्येला कळतंय."

"आणि ज्याला येत नाही त्याला?"

"त्येनं रस्त्यावर यावंच कशाला?"

एकदा घाटाच्या वळणावर त्यांची गाडी बंद पडली. रिवाजाप्रमाणे त्यांनी मागं पाच-सहा मोठे दगड मांडले, वर बाभळीची फांदी ठेवली. गाडी दुरुस्त झाली, उस्ताद निघून आले. दगड तिथंच. सकाळी माझी स्कूटी त्यातल्याच एका दगडावर गेली. कोपर सोलून निघालं, साडी फाटली. उस्ताद मिलमध्ये धावत आले, भंडाऱ्याच्या डबीतली हळद स्वतः काढून लावली, तोंडानं हळहळले आणि म्हणाले, "मॅडम, एवढा मोठा दगड दिसला न्हाय व्हय? गाडी जरा हळू चालवत जावा."

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या शेतातले हुरड्याचे दाणे घेऊन आले, तेव्हा बोलले. दगड कुणी ठेवले हा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

राग यायचा, पण त्यांना शिकवलं तरी कुणी होतं? लहानपणापासून कुणाच्या तरी गाडीवर डाव्या बाजूला बसून ते मोठे झाले. त्यांचा गुरू हातात पाना घेऊनच गाडी चालवायचा. "का म्हणून इचारलं की बोटावर पाना," ते हसत सांगायचे आणि वाकडं करंगळीचं पेर दाखवायचे. जे दिसलं ते उचललं. लायसनची परीक्षा म्हणजे एका पटांगणात जीप चार पावलं पुढं, चार पावलं मागं. त्यानंतर थेट दहा टायरी ट्रक.

त्या गुरूकडून आलेली सगळ्यांत मोठी विद्या म्हणजे घाट. भरलेली गाडी घाटाच्या तोंडाशी आली की उस्ताद गिअर काढायचे, इंजिन बंद करायचे आणि गाडी उतारावर सोडून द्यायचे. डिझेल वाचतं म्हणून. कधीकधी मी स्कूटीवर असताना मागून ती गाडी यायची. इंजिनाचा आवाज नाही, नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा. बाजूनं एवढं धूड गपचूप निघून गेलं की मी स्कूटी कडेला लावून थांबायचे.

"उस्ताद, एक दिवस जीव जाईल."

"मॅडम, तुमी कागदं बघा."

मग त्यांचा जावई आला. तिशीतला, नळदुर्गकडचा, आधी छोटा टेम्पो चालवायचा. उस्तादांची एकुलती एक लेक त्याला दिलेली, पदरात दोन लहान मुलं. त्याला मोठी गाडी शिकवून मिलमध्ये चिकटवायचा असं उस्तादांनी ठरवलं आणि मालकांनीही मान्य केलं. शिकवणार कोण, तर उस्ताद.

आणि शिकवायचं कुणाला, तर जावयाला. इथं खरी गंमत होती. जावयाला पाना मारता येत नाही. त्याला "अरे" सुद्धा म्हणता येत नाही. "जावईबापू, जरा क्लच दाबता का?" अशी शिकवणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. त्यानं गेटचा खांब वाकवला तर उस्ताद म्हणाले, "खांबच मधी हाय, तुमची काय चूक?" चुकीला चूक म्हणायचंच नाही, कारण मानाचा माणूस. मी कपाळाला हात लावला. पण एक कबूल करते, पोरगा मन लावून शिकला. मामा जे करतील ते डोळे मिटून. उजवा दिवा दोन अर्थांनी, दगड रस्त्यात, आणि घाटात इंजिन बंद.

त्याच सुमारास मालकांनी सगळ्या ड्रायव्हरांना पाळीपाळीनं सोलापूरला दोन दिवसांच्या शिक्षणाला पाठवायचं ठरवलं. उस्तादांचा नंबर आला तेव्हा ते तीन दिवस फुगून होते. "या वयात मला शाळंत घालताय," म्हणाले. मी म्हटलं, जा, जेवण चांगलं असतं.

शिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. न सांगता खुर्चीवर बसले. याआधी ते कधी बसले नव्हते. पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"मॅडम, ब्रेकची हवा कुठून येतीया?"

"मला काय माहीत?"

"मला बी न्हवतं." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "म्या समजत हुतो, टाकीत असतीया. कंपनीतनंच भरून येतीया. त्या मास्तरनं कापलेलं इंजिन दाखवलं. हवा इंजिन भरतंय, मॅडम. इंजिन बंद केलं की नवी हवा भरत न्हाय. ब्रेक दाबला की हाय ती बी सुटती. तीस वरीस म्या..."

मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं आणि मलाही एकदम आठवलं. जावई सकाळी धाराशिवहून तूर भरून निघाला होता. आत्ता तो तुळजापुरात, नाहीतर घाटात असणार.

मी फोन उचलला. उस्तादांनी माझं मनगट धरलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"लावू नगा. म्याच सांगितलंय त्येंला, हापिसचा फोन आला की पयल्या रिंगला उचलायचा. स्टेअरिंग हातात असलं तरी."

मला इतका संताप आला की रडू येईल असं वाटलं. एका माणसानं किती चुका शिकवाव्यात, की शेवटी सावध करायलासुद्धा वाट राहू नये! मी फोन खाली ठेवला. आम्ही दोघं गेटकडं बघत बसलो. किती वेळ, मला खरंच सांगता येणार नाही. उस्ताद ओठातल्या ओठात खंडोबाचं नाव घेत होते.

हॉर्न वाजला. गाडी आत आली. जावई उडी मारून उतरला, खुशीत. "मामा, आज घाटाच्या तोंडाला इंजिन बंद केलं ते पार खाली सपाटीला चालू केलं! तुमच्यावानी!"

उस्ताद खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता तरी दोन शब्द सुनावतील.

"जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

तो हात धुवायला गेला तशी मी उसळले. "उस्ताद! सांगा ना त्याला!"

"जावयाला कसं बोलू? आन सांगू काय? मामाला तीस वरीस गाडीच येत न्हवती म्हणून? तुमी सांगा, मॅडम."

मी सांगितलं, घाटात इंजिन बंद करू नका; कारण मात्र उस्तादांनीच सांगावं म्हणून राखून ठेवलं. त्यानं "व्हय मॅडम" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी घाटात त्याची मुकी गाडी माझ्या बाजूनं निघून गेली. पुन्हा सांगितलं. तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मामांनी जन्मभर तसंच चालवलं. त्येंला काय झालं?" यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते उस्तादांच्या तोंडून यायला हवं होतं. ते रोज उद्यावर ढकलत होते. स्वतः मात्र गिअरमध्ये उतरू लागले होते, कुणाला न सांगता.

असा आठवडा गेला. एका सकाळी जावई गाडी काढत होता, वजनकाट्यावर हमाल, बाकीचे ड्रायव्हर, सगळे उभे होते. उस्ताद आले, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांसमोर खाली वाकून त्यांनी जावयाच्या पायाला हात लावला.

तो मागं उडाला. "मामा! मला पापात घालताव का?"

"घाटात गिअर सोडू नगा. इंजिन बंद करू नगा. एवढंच मागणं हाय." आणि टोपी घालून ते निघून गेले.

मी त्यांना गोदामाच्या मागं गाठलं. "पाया पडण्यापेक्षा कारण सांगायचं होतं ना!"

"पाया पडायला सोपं हाय, मॅडम," ते म्हणाले.

हट्टी माणूस. गेल्या थंडीत अणदूरला घरीच गेले. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बातमी आली तेव्हा मी आधी चिडले आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. वाद घालायला आता माझ्याकडं कुणी उरलं नव्हतं, आणि ते कारण त्यांनी तसंच सोबत नेलं होतं.

महिनाभरानं मी घाट उतरत होते. पुढं एक गाडी घुरघुरत, अगदी खालच्या गिअरमध्ये उतरत होती. मागं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवत होते. आमचीच गाडी होती. मिलमध्ये पोचल्यावर मी जावयाला विचारलं, "घाटात गिअरमध्ये का उतरता, माहीत आहे?"

"मामा पाया पडले हुते, मॅडम."

"ते ठीक. पण का?"

त्यानं मान हलवली. "ते काय ठाव न्हाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चढा वर. मीही पहिल्यांदाच त्या गाडीत चढले. फडक्यानं हवेच्या काट्यावरचा भंडारा पुसला. इंजिन बंदच होतं. "ब्रेक दाबा," मी म्हटलं. फुस्स. "आणखी दाबा." काटा खाली आला. फुस्स. आणखी खाली. आठ-दहा वेळा दाबल्यावर तो घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

"इंजिन बंद असलं की नवी हवा येत नाही. आहे तेवढीच. ती संपली की कितीही दाबा."

त्यानं पुन्हा एकदा ब्रेक दाबून बघितला. "मामांना हे ठाव हुतं?"

"एका दुपारी कळलं. तुम्ही इंजिन बंद करून घाट उतरत होतात, तेव्हा ते माझ्या टेबलाशी बसून होते. तुम्ही येईपर्यंत."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्या घरी सांगितलं हुतं," तो म्हणाला. "हसत हसत सांगितलं हुतं, मॅडम. बायकुला. तिच्या बापाबद्दल."

मी उतरले. त्यानं इंजिन सुरू केलं आणि काटा पार वर चढेपर्यंत गाडी जागची हलवली नाही.