उलटा फिरलेला तीन नंबर

आमच्या दाजींना कामावर कुणी नावानं हाक मारत नाही. मालकापासून जिना झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना गच्चीमामा म्हणतात. तीस वर्षं हा माणूस लोकांच्या डोक्यावर वावरला, पण कुणाच्या डोक्यावर बसला नाही, असं आमची अक्का कौतुकानं सांगते. आणि लगेच पुढं म्हणते, "ती सगळी कसर घरी येऊन भरून काढतात."

मोठ्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची खोकी असतात. एकेक खोकं गाडीभर कडब्याएवढं. त्यात कॉम्प्रेसर असतो, तो गॅस दाबून फिरवतो. ब्लोअर असतो, म्हणजे खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल पंखा, तो गार झालेली हवा खालच्या मजल्यांवर ढकलतो. खाली खुर्चीत बसलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. गार आहे तोवर तो विसरलेला असतो, आणि मानेवर घाम आला की दाजींचा फोन वाजतो.

गेल्या उन्हाळ्यात मी दाढा काढायला अक्काकडं गेलो होतो. दोन दाढा गेल्या, तोंडात कापूस, बोलायची सोय नाही. दाजी म्हणाले, "घरात बसून बहिणीची बोलणी खाण्यापेक्षा गच्चीवर चल. ज्याला बोलता येत नाही असा सोबती मला उभ्या जन्मात मिळायचा नाही."

तसा मी त्यांच्यामागं चार दिवस हिंडलो. म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

दाजी गच्चीवर पोचले की पहिल्यांदा झाडू घेतात. मी हातानं खूण करून विचारलं, हे काय? तर म्हणाले, "गच्चीवर एक स्क्रू पडला आणि त्यावर कुणाचा पाय पडला की तो डांबरात घुसतो. मग तिथनं पाणी खाली उतरतं. लोक आभाळाला शिव्या घालतात, शिव्या खऱ्या माझ्या असतात." झाडून झालं की यंत्राभोवती एक फेरी. हत्यारांची पेटी बंदच. बाजारात म्हैस घेताना जाणता माणूस कसा आधी लांबून फिरतो, मग पाठीवर हात ठेवतो, अगदी तसं. पत्र्यावर तळवा ठेवायचा, थरथर बघायची. नाक जवळ न्यायचं. तेलकट वास आला तर गॅस कुठंतरी गळतोय, करपट आला तर वायर गेली. सांडपाण्याच्या नळीत कबुतराची पिसं अडकलीत का, पंखा फिरवणारा बेल्ट अंगठ्यानं दाबला तर किती वाकतो, फिल्टर उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसतं का. एवढं सगळं होईतो अर्धा तास जातो आणि तोवर पेटीला हात लागलेला नसतो. दुसरे मिस्त्री येतात ते थेट दाब मोजायचा गेज लावून गॅस भरायला घेतात. दाजी म्हणतात, "पोरगं रडलं की दूध पाजणारी आई आणि हे, दोघं सारखेच. त्याचा कान दुखत असेल की नाही?"

आणखी एक त्यांची रीत होती. यंत्राच्या पत्र्याच्या दाराला आतल्या बाजूनं काळ्या मार्करनं नोंद करायची. तारीख, काय काम केलं, आणि काम झाल्यावर ब्लोअरची मोटर किती अँपिअर खाते तो आकडा. दवाखान्यातल्या केसपेपरसारखं. त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण अशी नोंद करायचा. चष्मेवालीसुद्धा.

ही चष्मेवाली पस्तिशीची बाई. बापाचं मोटरी भरायचं दुकान होतं, तिथं लहानपणापासून तांब्याच्या तारेत वाढलेली. दोन वर्षांपूर्वी दाजींनीच तिला कंपनीत आणली. बाकीचे मिस्त्री हसले होते. पण खांद्यावर पंचवीस किलोची गॅसची टाकी घेऊन शिडी चढताना ती एकदाही थांबली नाही, तेव्हा हसणारे गप्प झाले. नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर तिच्या पगारावर चालत होतं. पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती.

आणि त्याआधीच तीन नंबरचा कॉम्प्रेसर फुटला.

ही इमारत चार मजली. तिसऱ्या मजल्यावर रक्त तपासायची प्रयोगशाळा. तिथली यंत्रं खोली तापली की आपोआप बंद पडतात. गच्चीवर चार खोकी, त्यातलं तीन नंबरचं या प्रयोगशाळेला हवा देणारं. तीन आठवडे तक्रार चालू होती, गारवा येत नाही म्हणून. चष्मेवाली दोनदा येऊन गेली. गेज लावला तर दाब कमी. हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरलेला. फिल्टर स्वच्छ, बेल्ट ताठ, ब्लोअर फिरतोय. गॅस कमी पडला की अशीच लक्षणं दिसतात, म्हणून तिनं दोन्ही वेळेला थोडा थोडा गॅस भरला. तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेसरनं खडखड केली आणि बसला. उघडून बघितलं तर आतल्या झडपांच्या पट्ट्यांचे तुकडे, आणि गॅस गरजेपेक्षा किती तरी जास्त.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंनी दाजींच्या कंपनीच्या मालकाला सुनावलं. मालकानं चष्मेवालीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, सोमवारी ठपक्याचा कागद तयार होईल आणि कायम न झालेल्या माणसाला ठपक्यासकट ठेवता येत नाही. निष्काळजीपणा, असा शेरा. असा शेरा एकदा लागला की त्या धंद्यात दुसरा कुणी मालक दारात उभं करत नाही.

ही बातमी दाजींनी मला शनिवारी जिन्यात सांगितली, आणि वर म्हणाले, "दोन्ही वेळेला तिनं सगळं बघितलं होतं. मला विचारूनच गॅस भरला. मीही म्हटलं, भर. मग तिचं चुकलं कुठं, हेच मला कळत नाही."

वर पोचलो. ऊन मी म्हणत होतं. फुटलेला कॉम्प्रेसर सोडवून ठेवायचा होता, सोमवारी नवा येणार होता. झाडून झालं, फेरी झाली. मग दाजींनी नुसता ब्लोअर चालू केला. आवाज ठीक. खिशातनं एक कागद काढून त्यांनी हवा आत ओढणाऱ्या जाळीला लावला. तो चिकटला खरा, पण जरा वेळानं खाली घसरला. दाजींनी परत लावला. परत घसरला.

मग त्यांनी बटण बंद केलं, पुढचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून मंदावणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले. वेगात फिरतो तेव्हा त्या पिंजऱ्याची पाती दिसत नाहीत, नुसता धूसर गोल दिसतो. थांबत आला की एकेक पातं सुटं व्हायला लागतं. पंखा थांबला. दाजी तसेच बसून.

"उलटा," ते म्हणाले.

मी हातानं विचारलं, काय?

"पंखा उलटा फिरतोय. मोटरीला तीन वायरी असतात. त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी पळते. आणि हा पंखा असा लबाड आहे की उलटा फिरला तरी थोडी हवा देतो. पार बंद पडला असता तर कुणालाही कळलं असतं. हवा थोडी, म्हणून कॉइलमधला गॅस उकळायचा राहतो आणि पातळच कॉम्प्रेसरच्या पोटात जातो. कॉम्प्रेसरला वायू पचतो, पातळ पचत नाही. त्यात आम्ही वरनं आणखी गॅस भरला. आजारी माणसाला कोंबून जेवायला घातलं."

मग त्यांनी दाराची आतली बाजू बघितली. मीही बघितली. काळ्या मार्करच्या नोंदी एकाखाली एक. ब्लोअरचे आकडे सहा पॉइंट आठ, सहा पॉइंट नऊ, परत सहा पॉइंट आठ. मग पाच आठवड्यांपूर्वीची तारीख, 'ब्लोअरची मोटर बदलली', आणि आकडा चार पॉइंट एक. अक्षर दाजींचं. त्याखाली चष्मेवालीच्या दोन नोंदी, 'गॅस भरला', आकडा तोच.

"उलटा पंखा हवा कमी उचलतो म्हणून वीजही कमी खातो," ते सावकाश म्हणाले. "आकडा मी माझ्या हातानं लिहिला. वर चष्मेवालीला म्हणालो, बघ, नवी मोटर कशी हलकी चालतेय. कौतुक केलं मोटरीचं." त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "शिकाऊ माणूस असता तर त्यानं दिशा बघितली असती. मी पंचवीस वर्षं बघायचं सोडलंय. माझ्या हातानं वायर उलटी लागतच नाही ना."

पेटीत थिनरची बाटली होती. मी ती बघितली, दाजींनी मी बघितलेलं बघितलं. एका फडक्याचं काम होतं. दोन वायरी सरळ करायच्या, आकडे पुसायचे, आणि मी तर मुका.

"तुझ्या मनात काय आलं ते कळलं मला," दाजी म्हणाले. "दाढा काढल्या तरी तोंड बोलतंय तुझं."

त्यांनी वायरी सरळ केल्या, ब्लोअर चालू केला, वीज मोजायचा टाँग टेस्टर लावून आकडा बघितला आणि आधीच्या ओळीखाली लिहिलं, 'वायर उलटी लागली होती, चूक माझी, सरळ केली. सहा पॉइंट आठ.' तारीख घातली. मग बसून डबा खाल्ला, सगळा. ताक सांडू दिलं नाही. 

मालकाचं ऑफिस त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. दाजींनी चष्मेवालीला फोन करून तिथंच बोलावून घेतलं. मी दाराशी स्टुलावर.

दाजींनी सगळं सांगितलं, तारखेसकट. मालक पेन फिरवत ऐकत होता. म्हणाला, "मामा, तुम्हाला कुणी विचारलं का?"

"नाही."

"मग? तुमची दोन वर्षं राहिलीत. गच्चीमामाची चूक झाली असं मी त्या प्रयोगशाळेच्या बाईंना सांगू? तुमच्या नावावर त्यांनी काम दिलंय आपल्याला. ही नवीन आहे. नवीन माणसाची चूक लोकांना पटते."

"पटते, पण ती खरी नाही."

"खरं-खोटं मी बघून घेतो. तुम्ही घरी जा, पाहुणे आलेत तुमचे."

"पाहुण्यानंच बघितलंय," दाजींनी माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली. "आणि दारावर लिहून ठेवलंय. पुसायचं असेल तर तुम्ही वर जाऊन पुसा. शिडी धरतो मी."

मालकाचं वजन शंभराच्या पुढं. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मग यापुढं काम पुरं झाल्याच्या जॉबशीटवर तुमची एकट्याची सही चालणार नाही मला. तुमचं काम दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. मगच यंत्र चालू."

"तपासू दे."

"कोण तपासणार? या कंपनीत तुमच्यापुढं तोंड उघडणारं कोण आहे?"

"ही आहे की," दाजी म्हणाले.

चष्मेवाली तोवर भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल, पाया पडेल. ती चिडलेली होती. "मामा, तीन आठवडे मला झोप नाही. बापानं शिकवलेलं सगळं खोटं वाटायला लागलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं, मला हे जमत नाही म्हणून."

"तसंच झालं असणार," दाजी म्हणाले. "त्याची भरपाई माझ्याकडं नाही."

"आणि माझंही चुकलंय. तो आकडा दोन्ही वेळेला माझ्या डोळ्यांपुढं होता. तुमचं अक्षर बघितलं आणि पुढं गेले."

"यापुढं थांबायचं तिथं."

मालकानं सोमवारसाठी लिहायला घेतलेला तो ठपक्याचा कागद पुढं ओढला. शेरा खोडला नाही, चष्मेवालीचं नाव खोडून दाजींचं घातलं. दाजींनी वाचून खाली सही केली.

घरी अक्काला कळलं तेव्हा ती भांडी जरा जोरात आदळत म्हणाली, "तीस वर्षांत एक चूक, ती सांगायला इतकी घाई?" जरा वेळानं तिनंच विचारलं, "त्या बाईची नोकरी राहिली ना?" राहिली म्हटल्यावर भांड्यांचा आवाज कमी झाला.

सोमवारी नवा कॉम्प्रेसर आला. क्रेननं वर चढवला, दाजींनी बसवला, नळ्या जोडल्या. नळ्यांतली हवा काढून घेतली, मापानं गॅस भरला. दुपारचे दोन वाजले. मग त्यांनी हात पुसले आणि बाजूला झाले.

चष्मेवालीनं चष्मा वर सारला. "दिशा?"

"बघितली."

"मला दाखवा."

दाजींनी ब्लोअर फिरवून बंद केला. दोघं गुडघ्यावर बसून पंखा थांबेपर्यंत बघत राहिली. मग तिनं आकडा घेतला, वरच्या आकड्यांशी ताडून बघितला. फिल्टर काढून उजेडाला धरला. शेवटी बेल्ट अंगठ्यानं दाबला, परत दाबला.

"ढिला आहे मामा."

"चालतोय की तेवढा."

"ढिला आहे."

माझ्यादेखत या माणसाला असं कुणी म्हटलेलं नव्हतं. अक्का सोडून. दाजींनी तिच्याकडं बघितलं, बेल्टकडं बघितलं, स्वतः अंगठा लावला. मग पाना काढला आणि उन्हात परत पालथे पडून बेल्ट ताणायला मोटर बोटभर मागं सरकवायला लागले. चष्मेवाली जॉबशीट हातात धरून उभी. पेनाचं टोपण तिनं अजून काढलं नव्हतं.