शिवशरणप्पांच्या काड्यापेट्या

औषधांच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. शेजारचा चादरवाला म्हणाला, "अण्णा गेले की वहिनी, परवाच." त्या दिवसाला आता महिना झाला. अण्णा म्हणजे दुकानदार शिवशरणप्पा. ते गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याआधी मनात आलं, हे सासूबाईंना सांगायचं कसं... या माणसाचा मी पाच वर्षं हेवा केला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर सासूबाई मंद्रूपहून आमच्याकडे राहायला आल्या. रक्तदाब, साखर, गुडघे. दोन डॉक्टर आणि पाच तऱ्हेच्या गोळ्या. गिरणीचा सातचा भोंगा झाला की मी साखरेची गोळी त्यांच्या हातावर ठेवायची, न्याहारी झाकायची आणि सकाळच्या शाळेत शिकवायला जायची. एक दिवस चुकला नाही, याचा मला अभिमान होता. तरी त्यांना घाम सुटायचा, हातपाय थरथरायचे, सोमवारी तर हमखास. गोळ्या एकमेकींना बाधतात की काय, हे विचारायला शिवशरणप्पांकडे गेले, तर म्हणाले, "सगळ्या गोळ्या आणा. अव्वांनाबी आणा."

गोळ्या त्यांनी काउंटरवर मांडल्या, पण बोलले सासूबाईंशी, कानडीत. मी बार्शीची, मला काही कळेना. दोघं हसत होती. माझ्याशी सासूबाई कधी तशा हसल्या नव्हत्या. मग ते माझ्याकडे वळले, "वहिनी, पूजा झाल्याबिगर अव्वा घास घेत न्हाईत. सोमवारी दहा वाजतात. गोळी तुमी सातला देताय, रिकाम्या पोटी."

"मला का नाही सांगितलंत?" मी सासूबाईंना विचारलं.

"तू कुटं इचारलीस? भोंगा झाला की हात पुढं करतीस."

शिवशरणप्पांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहून वेळा बदलून घेतल्या. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून रिकाम्या काड्यापेट्यांवर चित्रं काढून दिली: पूजेनंतरच्या पेटीवर ताट, दिवेलागणीच्या पेटीवर दिवा, झोपतानाच्या पेटीवर खाट. घाम थांबला. सासूबाई आपल्या हाताने गोळ्या घेऊ लागल्या आणि दर महिन्याला मी दुकानातून आले की विचारायच्या, "अण्णा काय म्हणाला?" मी काय म्हणते, ते कधीच नाही...

अण्णा गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी तिन्ही पेट्या पुढ्यात घेतल्या. मग दिव्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. चित्र पार पुसलं होतं. "आता तू काढ."

मी काढलं. त्यांनी पेटी लांब धरून पाहिली. "अण्णाच्या दिव्याला वात होती."

मी वात काढली. ताट आणि खाट अजून शिवशरणप्पांचीच आहेत. पुसट झालीत, पण त्या पेट्या सासूबाई माझ्या हाती देत नाहीत.