त्याच्या ट्रकचा आवाज

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पहिला ट्रक घेतला, तोही जुनाच. आधीचा मालक सापगावचा, माझ्याच वयाचा. काविळीनं गेला. त्याची बायको गाडी विकतेय, असं मुरबाडच्या एका मेस्त्रीकडून कळलं. मी टोकावड्याहून एसटीनं गेलो, गाडी पाहिली आणि घेतली.

त्या माणसानं गाडीवर एकच हौस केली होती. हवेच्या फिल्टरचा मूळचा तेलाचा जड डबा काढून त्याजागी मुंबईहून आणलेला जाळीचा उघडा फिल्टर आणि जाडजूड पाइप बसवला होता. इंजिनाला हवा जास्त मिळते, गाडी चढाला दमत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा म्हणे. ॲक्सिलरेटर दाबला की त्या पाइपातून मोठा आवाज यायचा. झोपेतून दचकून उठलेला माणूस छाती भरून श्वास घेतो ना, तसा.

आवाज यायचा माझ्या डाव्या हाताला. पहिले काही दिवस मी गाडी चालवता चालवता मान वळवून बघायचो. सीटही त्याच्या अंगानं दबलेली, त्याच खोलगट जागेत मला बसावं लागायचं. माझी बायको एकदाच त्या गाडीत बसली. मुरबाडला उतरली आणि म्हणाली, "परत येताना मी जीपनं येईन. हितं आपल्या दोघांशिवाय कुणीतरी बसलंय."

मी हसलो. पण ती उतरल्यावर मी खिडकीची काच खाली केली, हे आठवतंय.

आवाजामुळं गाडी जोरात वाटायची, हे मात्र खरं. पिकअप वाढलाय असं मीही इतर ड्रायव्हरांना सांगायला लागलो.

मला काम मिळालं खडीचं. मुरबाडजवळच्या क्रशरवरून भरायचं आणि शहापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर टाकायचं. वाटेत सापगाव. गाडीच्या आधीच्या मालकाचं घर रस्त्यालाच, अंगणाला लाकडी फाटक. पहिल्याच फेरीला घराजवळ गियर बदलला, पाइपानं श्वास घेतला, आणि एक म्हातारा लगबगीनं बाहेर आला. त्यानं फाटक सताड उघडलं आणि गाडी आत घ्यायला हात हलवू लागला. मी पुढं निघून गेलो. आरशात बघितलं, तर तो उघड्या फाटकाशी तसाच उभा.

हे दर फेरीला व्हायला लागलं. एका दुपारी मला गाडी विकणाऱ्या त्या बाईनं हात दाखवून गाडी थांबवली.

"दादा, ते आमचे सासरे," ती म्हणाली. "मुलगा गेल्यापासून त्यांना काय ध्यानात राहत नाय. हा आवाज आला का फाटक उघडतात. मग सांजपर्यंत जेवत नाय, वाट बघत बसतात. तो पाइप काढता आला तर बघा."

मी त्याच आठवड्यात मेस्त्रीकडं गेलो. तसंही ऑइल कमी होत होतं, धूर निळा पडायला लागला होता. मेस्त्रीनं फिल्टर उतरवला, पाइपात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. पिठासारखी बारीक धूळ, जाळीच्या पलीकडं गेलेली.

"क्रशरच्या धुळीत ही जाळी नाय चालत," तो म्हणाला. "इंजिन आतून घासलंय."

"पण पिकअप?"

"डिझेल तेवढंच जातंय. नुसती हवा वाढवून काय व्हनार? आवाज वाढलाय."

त्यानं जुन्या पद्धतीचा डबा बसवला. पुढं एकदा माल भरून माळशेज चढलो. पूर्वी जिथं जो गियर लागायचा, तिथं तोच लागला. गाडी तशीच चढली, फक्त मुकाट्यानं. केबिनमध्ये इतकं रिकामं वाटलं की मी स्वतःशीच मोठ्यानं बोलत होतो.

सापगाववरून गेलो तेव्हा वाटलं, म्हातारा आता उठणार नाही. पण तो फाटकातच होता. माझ्या पुढच्या टेम्पोला हात करत होता. मग मला केला. मागून बस येत होती, तिलाही.

मी गाडी बाजूला घेतली. बाई बाहेर आली. माझ्यावर रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"आधी एका गाडीला उठायचे," ती म्हणाली. "आता तो आवाज येत नाय, तर कुठलीही गाडी आली का उठतात. बसतच नाय."

मला काय सुचलं कोण जाणे. मी गाडी मागं घेतली आणि त्या फाटकातून थेट अंगणात घातली. म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला. मान वर करून विचारलं, "आलास का रे?"

"हो बाबा."

"जेवलास?"

"जेवलो."

"मंग नीज आता," असं म्हणून तो आत गेला आणि अंथरुणावर पडला.

त्यानंतर दर फेरीला मी अंगणात गाडी घालायचो. दोनच प्रश्न आणि माझी दोनच उत्तरं. परत रस्त्याला लागलो की माझा आवाज मलाच ओळखू यायचा नाही. एकदा घरी आईनं हाक मारली, तर माझ्या तोंडून "हो बाबा" निघालं.

म्हातारा त्या पावसाळ्यानंतर गेला. बाराव्याला मला जेवायला बोलावलं होतं. बाईनं पान वाढलं आणि वाढता वाढता खाली बघूनच म्हणाली, "तुमी 'हो बाबा' म्हणायचात, तवा मी चुलीपाशी असायची. बाहेर यायची नाय मुद्दाम. तेवढा वेळ मला पण वाटायचं…"

आणि ती भात आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला भेटलो आणि टोकावड्याच्या बाजूच्या फेऱ्या मागून घेतल्या. सापगावच्या रस्त्यानं तो ट्रक मी पुन्हा कधी नेला नाही.