वकीलसाहेबांची तक्रार

पेट्रोल पंपांची मीटरं दुरुस्त करण्यात सूर्यभान ढोकेची तीस वर्षं गेली होती. पंपवाले माप मारतात, असं ऐकवणारा कोणीतरी त्याला रोज भेटायचाच. तिवस्याच्या कमलाकांत वकिलांनी तर लेखी तक्रारच दिली होती. त्यांच्यासमोर सूर्यभानने पाच लिटरच्या मापात पेट्रोल सोडलं. ते रेषेच्या वर गेलं.

"जास्त?" पंपमालक अंकुरचा चेहरा उतरला.

सूर्यभानने मीटर खोललं. "आत पिस्टन हायेत, वकीलसाहेब. एक पिस्टन सरकला का ठरल्याइतकं पेट्रोल ढकलते, अन् आकडा पुढं जाते. यातलं वॉशर झिजलं. बाजूनं पेट्रोल न मोजताच सटकून राहिलं. तुमाले फुकट भेटून राहिलं."

वकिलांनी तक्रारीचा कागद हळूच घडी करून खिशात घातला. "मग दुरुस्तीची एवढी घाई कशाला? मी तक्रार मागे घेतो."

"आता माही तक्रार हाये," अंकुर म्हणाला.

सूर्यभानने नवी वॉशरं बसवली. पेट्रोल बरोबर रेषेवर थांबलं, आणि मापं तपासणाऱ्या साहेबांनी येऊन सील ठोकलं. पहिली गाडी वकिलांचीच लागली. टाकीत डोकावून ते म्हणाले, "सूर्यभान, पूर्वीपेक्षा कमी येतंय."

तीस वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं निघालं होतं. सूर्यभानने मान हलवली आणि पान्हे गोळा करू लागला.