नदी नेईल

आमच्या गावात मारामारी हातानं होत नसे, बाटलीनं होत असे. शनिवारी ऊसतोडीचा पगार झाला की ताबाजीसमोर, म्हणजे चिनी दुकानदाराच्या दारूच्या दुकानासमोर, गर्दी जमायची. दिवस मावळायच्या आत कुणीतरी कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार करायचं आणि बाटलीचं बूड दगडावर फुटायचं. रविवारी सकाळी रस्त्यावर वाळलेलं रक्त दिसायचं. काचा मात्र दिसायच्या नाहीत. त्या कुणीतरी झाडूनं लोटून रावीनमध्ये टाकलेल्या असायच्या.

रावीन म्हणजे नदीची खोल घळ. रोझ बेलच्या बाजूचं आमचं गाव तिच्या काठावरच वसलेलं होतं आणि गावाचा सगळा उकिरडा तिच्यात होता. सार्डिनचे डबे, मेलेल्या कोंबड्या, फाटक्या गाद्या, फुटक्या बाटल्या. कुणाला हटकलं तर उत्तर ठरलेलं, "नदी नेईल की." मला हे वाक्य ऐकलं की आजही पित्त खवळतं. नदी कुठं नेत होती? आमच्या धुण्याच्या दगडांपर्यंत आणून टाकत होती.

तिथंच एका सकाळी बाटलीची फुटकी मान आईच्या उजव्या पायात घुसली. जखम चिघळली आणि सरकारी इस्पितळात तिची दोन बोटं काढावी लागली. बाबा तेव्हा हयात नव्हते. ती घरी आली, चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, आणि शनिवारी उठून धुण्याचं दांडकं घेऊन लंगडत ताबाजीपाशी गेली. बाटली फोडायला हात उचललेल्या पहिल्याच माणसाच्या मनगटावर तिनं असं दांडकं हाणलं की तो ओरडत खाली बसला. मग तिनं त्याच्या हातातून पडलेली बाटली उचलली, पदरात गुंडाळली आणि घरी आणली.

आमच्या कामाची सुरुवात ही अशी झाली. लोक त्याला पुढं समाजसेवा म्हणाले. आईच्या डोक्यात तेव्हा निव्वळ राग होता.

देवळात भजनाला येणाऱ्या काही बायका, शेजारची म्हातारी क्रेओल बाई आणि मी, एवढ्या आम्ही निघायचो. मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते. पायात रबरी बूट, हातात चिमटे, पाठीवर गोणी. आख्ख्या बाटल्या वेगळ्या, फुटक्या वेगळ्या, डबे वेगळे. देवळामागच्या पत्र्याच्या आडोशाला गोण्या साठल्या की एक लॉरीवाला यायचा. आख्ख्या बाटल्या सरबताच्या कंपनीत परत जायच्या, फुटकी काच भट्टीत वितळायला. ताबाजीच्या दारात आम्ही एक पिंप ठेवलं, बाटल्या त्यात टाका म्हणून. पिंप दर शनिवारी लाथेनं उलथायचं, दर रविवारी आम्ही ते उभं करायचो. एकदा तिथून बाटली भिरभिरत आली आणि माझ्या भुवईवर बसली. डोळ्यात रक्त उतरलं. मी ती बाटली उचलून फेकणाऱ्याच्या टाळक्यात घालणार, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"आख्खी हाय गो," ती म्हणाली. "गोणीत घाल."

भुवईवरची खूण अजून आहे.

हे सगळं सहन न होणारा माणूस आमच्याच घरात होता. माझा दादा. तो पोर्ट लुईला, राजधानीत, सरकारी कचेरीत कारकून होता. पांढरा सदरा, टाय, चकचकीत बूट. बाबांनी पोटाला चिमटा काढून त्याला शिकवला होता. कचेरीतल्या कुणीतरी त्याच्या आईला गोणी घेऊन फिरताना पाहिलं आणि त्याला नाव पडलं, "गारसों मादाम बुतेय". बाटलीवालीचा पोरगा. एकदा बसच्या थांब्यावर एकानं ते तोंडावर म्हटलं, तर दादानं त्याचा दात पाडला आणि सदऱ्यावर रक्त घेऊनच घरी आला. आईनं सदरा भिजत घातला.

स्फोट झाला तो गणेशचतुर्थीच्या दिवशी. ओसरीत पाटावर गणपती, समोर मोदकांचं ताट, आणि अंगणात फुटक्या काचेच्या गोण्या, कारण आडोशाला जागा उरली नव्हती. दादानं त्यातल्या एकीला लाथ मारली.

"देवाच्या दारात पण ह्ये? पुरं कर, आई! मो ओन्ते! लाज वाटते मला तुझी!"

"माजी लाज?" आई म्हणाली. "माजी बोटं गेली तवा कुणाची वाटली होती तुला?"

"बोटं गेली ती गेली! आता गावाची घाण घरात आणून माझं नाक का कापतेस? नदीत फेक सगळं. नदी नेईल!"

आईनं त्याच्या थोबाडीत मारली. पंचविशीतल्या पुरुषाला, गणपतीसमोर, टायसकट. मोदकांचं ताट कुणाच्या धक्क्यानं उलटं झालं ते मला आठवत नाही. मोदक अंगणभर घरंगळले. दादाच्या डोळ्यात तेव्हा जे होतं त्याला मी घाबरले. तो मागं फिरून आत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तर अंगणातल्या आणि देवळामागच्या सगळ्या गोण्या गायब. आई खूष झाली. तिला वाटलं, लॉरीवाला सणाचं लवकर येऊन घेऊन गेला. खरं असं होतं की उजाडता उजाडता दादानं त्या हातगाडीवर घालून पुलावर नेल्या होत्या आणि एकेक करून खाली भिरकावल्या होत्या. वर डोंगरात पाऊस झाला होता, पाणी गढूळ आणि जोरात होतं, त्याला वाटलं वाहून जाईल. गोण्या खालच्या दगडांवर फाटल्या. काच जड असते, ती कुठं जाते? पुलाखालच्या डोहाच्या उथळ काठावर ती जाऊन बसली. गावाचे गणपती त्याच डोहात जायचे.

दुपारी मिरवणूक निघाली. ढोल, झांजा, झाकरीचा फेर. आमच्या घरच्या गणपतीला पहिला मान, आणि बाबा गेल्यापासून त्याचा पाट दादाच्या डोक्यावर असायचा. काठावर सगळ्यांनी चपला काढल्या. मागं गावातली सगळी पोरं, गणपतीबरोबर पाण्यात उड्या मारायला आसुसलेली. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता.

दादानं पहिलं पाऊल टाकलं आणि थांबला. मी बाजूलाच होते. त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली, चेहरा पांढरा पडला. मला वाटलं पाणी गार आहे म्हणून. त्याच्या कमरेजवळून एक चिमुरडी पुढं घुसायला निघाली. गप्प राहिला असता तर त्याचं पाप पाण्यातच राहिलं असतं.

"पा रांत्रे!" तो असा ओरडला की ढोल बंद पडला. "कुणी आत येऊ नका! काच हाय! सगळी काच हाय!"

पोरं थिजली. शेजारची क्रेओल म्हातारी काठावरून म्हणाली, "कि मान्येर तो कोने?" तुला कसं ठाऊक?

दादानं डोक्यावरचा पाट सावरला. "मी टाकली," तो म्हणाला. "आईच्या गोण्या. मी टाकल्या."

डोक्यावरचा गणपती मागं फिरवता येत नाही. तो पुढं चालत गेला. पावलागणिक त्याचे खांदे हलत होते आणि पाण्यात लाल रेघ उठत होती. छातीइतक्या पाण्यात त्यानं गणपतीला बुचकळलं, सोडलं, आणि त्याच काचेवरून परत फिरला. आम्ही सगळे अनवाणी, कुणाला पुढं होता येईना. मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता आणि रडूही आवरत नव्हतं.

तो काठाला लागला तशी माणसं त्याच्यावर तुटून पडली. त्या चिमुरडीच्या बापानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली, दुसऱ्यानं कॉलर धरून खाली पाडलं. दादानं हात वर केला नाही. तेवढ्यात आई लंगडत गर्दीत घुसली, दोघांना कोपरांनी बाजूला ढकललं आणि मध्ये उभी राहिली.

"ह्याला मारायचा मान माजा," ती म्हणाली.

आणि मारलं तिनं. डावीकडून, उजवीकडून, स्वतःला धाप लागेपर्यंत. मग चिखलात बसली, त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंबाड्यातला आकडा काढून काचा उपसायला लागली. दादा ओरडत होता. तिनं एकदाही हात हलका केला नाही. निघालेला तुकडा ती न बघता मागं धरायची आणि क्रेओल म्हातारी तो आपल्या टोपलीत ठेवायची.

विसर्जन त्या वर्षी पुलाच्या वरच्या अंगाला झालं. डोह साफ करायला बूट घालून पुरुषही आले, प्रथमच. दादाच्या डाव्या पायाची शीर तुटली होती, ती नीट जुळली नाही. तेव्हापासून आई उजव्या पायानं लंगडायची आणि तो डाव्या. दोघं रस्त्यानं चालले की पाठीमागूनही कुणी विचारायचं नाही हा कुणाचा मुलगा.

पायाची जखम भरल्यावर एका शनिवारी कचेरीतून येऊन त्यानं टाय न काढताच हातगाडी बाहेर काढली. मी बरोबर होते. ताबाजीसमोर तीच गर्दी. एकजण बाटली उंचावून ओरडला, "एय, गारसों मादाम बुतेय!"

दादानं गाडी खाली ठेवली. मला वाटलं, आता ह्याचे सगळे दात पडणार. तो लंगडत त्या माणसापाशी गेला.

"वी," तो म्हणाला. हो.

मग त्यानं त्याच्या हातातली अर्धी भरलेली बाटली हिसकावली, रम रस्त्यावर ओतली आणि बाटली गाडीत आख्ख्यांच्या बाजूला ठेवली.