दारातला हातरुमाल

मी ग्वाल्हेर सोडलं त्या दिवशी स्टेशनवर लोक माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघत होते. जूनमधली दुपार होती, प्लॅटफॉर्मवरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नव्हता, आणि माझे वडील बंद गळ्याचा कोट, कडक इस्त्रीची पँट आणि चकचकीत बूट घालून मला निरोप द्यायला आले होते. हमालानं सामान उचलताना त्यांनाच विचारलं, "साहब, आपका डिब्बा कौन सा है?" आई पदरानं वारा घेत म्हणाली, "मुलाला सोडायला आलात की बोहल्यावर चढायला?" अण्णांनी ते कानाआड केलं. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर थोडं चालले आणि म्हणाले, "तिकडे घरात कसाही राहा. बाहेर पडताना मात्र नीट पड."

माझा समज होता की असल्या वेळी बाप काहीतरी मोठं बोलतो. दिल्ली येईपर्यंत मी त्या वाक्यावर धुसफुसत होतो.

ग्वाल्हेरकर मराठी मंडळींनो, तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांनाही आमचं घर नव्यानं सांगायला नको, तरी सांगतो. हरिशंकरपुरममध्ये पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. दरबार गेला, कारकुनी बँकेत आली, पण बाहेर जाताना दरबारात निघाल्यासारखं निघायचं, ही सवय काही गेली नाही. अण्णांचे कोट नई सडकेवरचे एक मास्टरजी शिवायचे. त्यांच्याकडे माप द्यायला जातानाही अण्णा कोट घालून जात. मास्टरजी म्हणत, "पंडितजी, पहले ये उतारिए, तब तो नापूँ."

आणि निघण्याची एक रीत होती. बूट चढवून झाले की अण्णा दाराकडे तोंड करून उभे राहत आणि वळून न बघता उजवा हात मागे करत. आई मागून येई आणि त्या हातावर घडी घातलेला हातरुमाल ठेवी. त्यावर अत्तराचं एक बोट फिरवलेलं असे, उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. रुमाल खिशात गेला की अण्णा "हं" म्हणत आणि जिना उतरत. बँकेत जाताना, लग्नाला जाताना, आईला घेऊन बाड्यावर, गावातल्या मोठ्या चौकात, फिरायला जातानासुद्धा. तेव्हा तर ती स्वतःच्या चपला घालून तयार असे, तरी आधी रुमाल, मग दोघं बाहेर. घरात भांडण झालेलं असो, दिवसभराचा अबोला असो, हात मागे गेला आणि रिकामा राहिला असं मी कधी पाहिलं नाही. आम्हा मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. सगळ्यांचे वडील असेच निघत असतील असं मी धरून चाललो होतो.

दारूचं नाव मात्र त्या घरात निघत नसे. बाजाराच्या वाटेत दारूचा एक ठेका होता. तिथे माणसं तोंडाला गमछा गुंडाळून उभी असत आणि ओळखीचं कोणी आलं की भिंतीकडे वळत. आई आम्हाला तिथून झपझप पुढे काढायची.

त्यामुळे इंग्लंडच्या उत्तरेतल्या त्या गावात, जिथे पूर्वी लोखंडाचे कारखाने होते आणि आता नुसती धुराडी उरलीत, केन नावाच्या माझ्या ऑफिसातल्या माणसानं मला शनिवारी दुपारी पबमध्ये चल म्हटलं, तेव्हा मी गमछ्याचाच विचार करत गेलो. आत सात-आठ म्हातारे बसले होते. एकजात जाड लोकरीचे, ट्वीडचे कोट, खाली वेस्टकोट, गळ्यात टाय, कुणाच्या वरच्या खिशात रेशमी रुमाल. कोणी कारखान्यात हातोडा चालवलेला, कोणी बस चालवलेली. आठवडाभर कसेही राहणारे हे लोक शनिवारी नीट कपडे करून निघत, कालव्याच्या काठाने रमतगमत एका पबमधून दुसऱ्यात जात आणि अर्धा-अर्धा पिंट बियर पुढ्यात घेऊन तासन् तास बोलत बसत. मी ऑफिसचं जॅकेट घालून गेलो होतो. कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या शनिवारी मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून ट्वीडचा कोट आणला. खरं सांगतो, बियर मला आजही बेताचीच आवडते. मी जातो ते त्या माणसांच्या निघण्यासाठी.

मग बियर फेस्टिवल सुरू झाले. क्रिकेटच्या मैदानावर तंबू, आत लाकडी फळ्यांवर ओळीनं आडवी ठेवलेली पिंपं, आणि आमचा हा टाय लावलेला ताफा. एक घोट घ्यायचा, मान हलवायची, मग गुडघेदुखीवर बोलायचं. असल्या एका दुपारनंतर मी घरी फोन केला आणि सरळ सांगून टाकलं की मी शनिवारी कुठे जातो.

अण्णांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठेक्यावर लोक तोंड लपवून जातात. तू लपवतोस का?"

"नाही."

"मग कपडे काय घालून जातोस?"

मी सगळं वर्णन केलं. फोनमागून आईचा आवाज आला, "अहो, तो काय पितो ते विचारा आधी!" पण अण्णांना ते विचारायचंच नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी निघण्याआधी मी त्यांना फोटो पाठवू लागलो आणि त्यांचं उत्तर येऊ लागलं. टायची गाठ सैल आहे. बुटांना ब्रश मार. हा रंग तुला खुलत नाही, आई पण तेच म्हणते. परक्या देशात माझा शनिवार असा बापाच्या नजरेखालून जाऊन सुरू व्हायचा, आणि मला ते फार बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. मी आलो, सगळं केलं, परत गेलो. त्यानंतर फोटोंना उत्तर येईना. व्हिडिओवर अण्णा दिसत ते बनियनवर, दाढीचे खुंट वाढलेले, मागे न उघडलेली खिडकी. माझी भाची सई तिथल्याच सिटी सेंटर भागात नोकरी करते आणि अण्णांजवळच राहते. ती एकदा बाल्कनीत जाऊन हळू आवाजात म्हणाली, "मामा, आजोबा गेट के बाहर ही नहीं जाते. मी म्हटलं चला बाड्यावर, तर म्हणतात माझ्याकडून नाही होत आता. मला टेन्शन येतं रे."

त्याच दिवसांत आमच्या शनिवारच्या मंडळींतल्या रॉयची बायको वारली. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी रॉय पबच्या दारात उभा राहिला. कोट, वेस्टकोट, सगळं जागेवर, पण बो-टाय एका बाजूला लोंबत होता. आत यावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. केन उठला, दारापर्यंत गेला, त्यानं तो बो नीट बांधला, आणि रॉय आत आला. मला समोरचा ग्लास दिसेना इतके डोळे भरून आले. त्या संध्याकाळी मी तिकीट काढलं.

घरी पोचलो तेव्हा ग्वाल्हेरची थंडी उतरतीला लागली होती. अण्णा खुर्चीत बसलेले, स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली. मी त्यांना नमस्कार केला तर म्हणाले, "कशाला आलास एवढ्या लांबून? मी ठीक आहे." पुढले काही दिवस मी सगळे उपाय केले. देऊळ म्हटलं, नातेवाईक म्हटले, डॉक्टर म्हटलं. प्रत्येकाला तेच उत्तर, "माझ्याकडून नाही होत." मला भीती वाटायला लागली. हा माणूस घराबाहेर न पडता संपणार, आणि मी त्याची बातमी फोनवर ऐकणार.

रविवारी सकाळी सई चहा घेऊन आली. "मामा, आज दुपारी सिटी सेंटरला एका हॉटेलच्या लॉनवर बियर फेस्ट आहे. ऑफिसचे सगळे चाललेत. तू पण चल, तुला तर शौक आहे." मी नको म्हणणार इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"तिथं लोक कपडे काय घालून येतात?"

सईनं माझ्याकडे पाहिलं. "सब मस्त तैयार होके आते हैं, आजोबा. यंदा तर थीमच जुन्या जमान्याच्या कपड्यांची आहे. तुम्ही पण चला ना, प्लीज."

जेवण झाल्यावर अण्णा उठले, दाढी केली आणि कपाटाची किल्ली मागितली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत कान देऊन बसलो. ते आले तेव्हा कोट खांद्यांवरून उतरल्यासारखा दिसत होता, पण गळ्याचा हूक लागलेला होता आणि बूट चकाकत होते. ते दारात गेले, दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचा उजवा हात मागे गेला.

सईनं माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना कळलं नव्हतं. तो हात तसाच वाट बघत होता. मग कळलं. हात सावकाश पुढे आला, गळ्याशी गेला आणि हूक काढू लागला. "तुम्ही जाऊन या रे," ते म्हणाले आणि बुटांचे बंद सोडायला स्टुलावर बसले.

मी धावत आईच्या कपाटाशी गेलो. तिच्या हातच्या घड्या अजून तशाच एकावर एक होत्या, अत्तराचा वास धरून. वरचा रुमाल उचलून मी अण्णांसमोर आलो आणि पुढे केला. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घेतला नाही.

"असा नाही," ते म्हणाले. "असा समोरून पाहुण्यांना देतात."

ते उठले. हूक पुन्हा लावला. माझ्याकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि हात मागे धरला. मी मागून गेलो आणि त्यावर रुमाल ठेवला. बोटं मिटली, रुमाल खिशात गेला.

"हं," अण्णा म्हणाले. "चला."

हॉटेलच्या फाटकाशी मॅनेजर लगबगीनं पुढे आला. त्याला वाटलं कोणी सरदार घराण्यातले बुजुर्ग आलेत. "हुज़ूर, इधर, सबसे आगे," असं म्हणत त्यानं आम्हाला पुढच्या टेबलाशी नेलं आणि अण्णांना विचारलं, "आप कौन से सरदार साहब के परिवार से?" अण्णा ताठ बसून म्हणाले, "सरदार नहीं, कारकून." त्यानं तेही मोठं घराणं समजून मान लववली. सई हसून हसून लाल झाली. आजूबाजूला पोरं-पोरी आजोबांचे कोट घालून आणि आजींच्या नऊवारी नेसून फोटो काढत होती, आणि दोघी-तिघींनी येऊन अण्णांबरोबरही काढले.

अण्णांनी लिंबाची शिकंजी घेतली. माझा ग्लास उचलून वास घेतला, नाक मुरडलं. "एवढ्यासाठी विलायतेला गेलास?" मग मी त्यांना रॉयची गोष्ट सांगितली. ते लॉनच्या टोकाकडे बघत ऐकत होते. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला एकदा तिकडे न्यायला हवं होतं. ती म्हणाली असती, काय बाई ही कडू शिकंजी." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत तो रुमाल मी उलगडलेला कधी पाहिला नव्हता. तो जसा जाई तसा घडीतच परत येई. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते, वेशभूषेच्या स्पर्धेत कोणाचा तरी फेटा पहिला आला होता. आम्ही तिघं तिथं बसून रडलो, आणि कोणी भिंतीकडे वळलं नाही.

मी परत निघालो त्या सकाळी अण्णांनी स्टेशनवर यायचा हट्ट केला नाही. बॅग खाली गेली होती. मी बूट घातले, दाराकडे तोंड केलं, आणि का कोण जाणे, माझा हात मागे गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तळव्यावर काहीतरी हलकं टेकलं. घडी जरा वाकडी होती, इस्त्री त्यांनीच केली होती. मी वळलो नाही. तसं करायचं नसतं.

घर म्हणजे काय, असं आता मला कोणी विचारलं तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. जिथे दाराकडे तोंड करून उभं राहिलं तरी मागे कोण आहे हे वळून बघावं लागत नाही, ते. इथे माझ्या दारामागे कोणी नसतं. शनिवारी कोट घालून निघताना मी क्षणभर थांबतो, वाकड्या घडीचा रुमाल खिशात आहे ना हे चाचपतो आणि कालव्याकडे चालू लागतो. फोटोला पुन्हा उत्तर येऊ लागलंय. कालचं होतं, गाठ सैल आहे.

तुम्ही जे तिथे राहिलात, त्यांच्याकडे एक मागणं आहे. संध्याकाळी बाड्यावर गेलात तर अण्णांना नमस्कार करा. ऊन कलल्यावर ते तिथे असतात, निघताना सई त्यांच्या मागे उभी राहते. ओळखायला सोपे आहेत. बंद गळ्याचा कोट घातलेले, तेच.