रक्तपिशाच शोधत धार आणि देवास

कॉलेजात एका मित्राने मानेत दात रोवून रक्त पिणाऱ्या पिशाचाची इंग्रजी कादंबरी वाचायला दिली आणि माझी झोपच उडाली. भीतीने नाही, हेव्याने. असं पिशाच मराठीत आणायचं, तेही आपल्या माळव्यात! पुण्याच्या एका मासिकाने गोष्ट मागितलीच होती. मग पिशाचाला शोभेल असं गाव बघायला इंदूरहून तांगा केला. भाडं निघण्याआधीच ठरवा, वाटेत ते वाढतं.

धारला पोचायला अख्खा दिवस जातो. घोडे बदलतात तिथे शेव-जिलबी चांगली मिळते. दुसऱ्या दिवशी नुसता भटकलो. ऊन पडलेलं, तळं डुलक्या घेणारं, गल्ल्या कुठे वळतील त्याचा नेम नाही. एका पडक्या घुमटाच्या ओट्यावर एक बाई पापड वाळत घालत होती. वहीत घुमट घेतला, पापड वगळले.

तांगेवाला हसला, "भिया, भूत ढूँढ रहे हो? मेरे घोड़े को तो एक भी नहीं दिखा!"

मग इंदूरवरून देवास. इथे एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं: इकडे थोरली पाती, तिकडे धाकटी. मी दुपारभर इकडून तिकडे जात राहिलो, स्वप्नात कूस बदलावी तसा.

उतरलो वडिलांचे स्नेही आप्पासाहेब यांच्याकडे. दारात घुटमळलो, तर म्हणाले, "अहो, बोलावल्याशिवाय आत न येणारे तुम्ही कोण लागून गेलात? या, या!"

जेवायला त्यांच्या मुलीने वाढलं. फिकट चेहरा, मानेवर दोन लाल खुणा. मला गोष्ट सापडली! तिथेच बसून पानंच्या पानं लिहिली.

सकाळी वही तिच्या हातात.

"दादा, ही मीच ना?"

"नाव बदललंय की."

"मान कुठे बदललीत? गळू झालं होतं, वैद्यबुवांनी जळवा लावल्या. सोमवारी धारची मंडळी मला बघायला येणार. हे मासिक त्यांच्याकडे येतं. पिशाचाने धरलेली सून कोण करील?"

"पण त्याशिवाय गोष्टीत जीव नाही गं."

"जळवा बऱ्या. पोट भरलं की सुटतात तरी."

मी पानं फाडून दिली. तिने ती बंबात घातली आणि म्हणाली, "पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या."

इंदूरला परतलो तो अर्धी वही घेऊन. मासिकाला नकार कळवला. त्या गोष्टीतलं एक वाक्यही आता आठवत नाही. पापड वाळत घालणारी बाई मात्र रोज आठवते.

परवा धारहून पत्र आलं. आप्पासाहेबांच्या मुलीचं सासर तिथलंच, त्या तळ्यापासून जवळ. लिहिलंय, "दादा, खुणा गेल्या. आता खुशाल लिहा. पण मला यमू म्हणा, आणि जळवा लिहायला विसरू नका."

यमू, लिहिल्या बरं का.